वॉर्डात, गावात पक्षाचं काम करायचं आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं महाराष्ट्रातल्या स्थानिक राजकारणापुरती आहेत: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद, महापालिका. कोणत्या पक्षात जावं, हे यात सांगितलेलं नाही. घरात राजकारणाचा वारसा नाही, मागे पैसा नाही, तरी आपल्या भागात पक्षात राहून काही करावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

कुणाची ओळख नाही, भाषण जमत नाही. माझा पक्षाला काय उपयोग?

भाषण करणाऱ्यांची कुठल्याच पक्षात टंचाई नाही. टंचाई असते ती पहाटे मतदान केंद्रावर हजर राहणाऱ्यांची, यादी हातात घेऊन चार मजले चढणाऱ्यांची आणि सांगितलेलं काम सांगितलेल्या दिवशी करणाऱ्यांची. वॉर्ड समितीच्या लेटरहेडवर नावं भरपूर असतात, कामाला मात्र तीच ती माणसं दिसतात. त्यांच्यात भरवशाच्या एकाची भर पडली की थोड्याच दिवसांत सगळ्यांना त्याचा फोन नंबर पाठ होतो. ओळख अशीच होते.

बरं, मग सुरुवात नेमकी कुठून करू?

आपल्या भागाच्या मतदारयादीपासून. झेंडा, उपरणं, फ्लेक्सवरचा फोटो हे सगळं नंतर. स्थानिक राजकारणात ज्याला यादी तोंडपाठ, त्याला वॉर्ड तोंडपाठ. नगरसेवक होऊ पाहणारा प्रत्येक जण अशा माणसाच्या शोधात असतो.

स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी मतदारयादी तयार होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला आहे तशी घेतली जाते आणि ती प्रभागांनुसार किंवा गणांनुसार (गण म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ) फोडली जाते. विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची, तर स्थानिक निवडणुका घेण्याचं काम राज्य निवडणूक आयोगाचं. म्हणून विधानसभेच्या यादीत तुमचं नाव नसेल तर महापालिकेच्या वेळी कितीही धावपळ केली तरी ते येत नाही. प्रारूप प्रभाग यादीवर हरकती घेता येतात, पण त्या मुख्यतः फोडणीतल्या चुकांबद्दल असतात. अख्खी इमारत शेजारच्या प्रभागात गेली, एका गल्लीचे अर्धे मतदार भलतीकडे पडले, अशा चुका. मुदत जेमतेम काही दिवसांची असते. त्या दिवसांत जो माणूस यादी आणि नकाशा घेऊन बसतो तो पुढच्या महिनाभराच्या प्रचारापेक्षा जास्त कमावतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा पहिलं काम हे: आपल्या यादीभागाची, म्हणजे एका मतदान केंद्रापुरत्या यादीची, प्रत मिळवा आणि घरोघर फिरून चार गोष्टी नोंदवा. कोण वारलं, कोण राहायला दुसरीकडे गेलं, कुणाचं नाव दोनदा आहे आणि कोण अठरा वर्षांचं होऊनही यादीत नाही. नवीन नोंदणीला नमुना ६, नाव वगळण्याला किंवा आक्षेपाला नमुना ७, दुरुस्ती आणि पत्ताबदलाला नमुना ८. पूर्वी पात्रतेसाठी फक्त १ जानेवारी ही तारीख धरत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत.

एक इशारा. दुसऱ्याच्या नावावर नमुना ७ भरून "हा मतदार इथे राहत नाही" असं ठोकून देण्याचा उद्योग काही जण करतात. खोटं निवेदन हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम ३१ खाली गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सही तुमची असेल तर अडकाल तुम्हीच. सांगणारे साहेब त्या दिवशी फोन उचलणार नाहीत.

पक्षाचं सदस्य कसं व्हायचं?

हा सगळ्यात सोपा भाग. वेबसाइट, मिस्ड कॉल किंवा छापील पावती, काहीही चालतं. मोठ्या पक्षांत प्राथमिक सदस्य आणि सक्रिय सदस्य असे दोन थर असतात. प्राथमिक सदस्यत्वाला फारसा अर्थ नाही. पक्षांतर्गत पदांवर जायचं असेल तर सक्रिय सदस्यत्व लागतं आणि त्यासाठी सहसा तुम्ही काही सदस्य नोंदवून आणावेत, अशी अपेक्षा असते. पावती जपून ठेवा. पक्षाची घटना निवडणूक आयोगाकडे दिलेली असते, ती एकदा वाचून काढा. तुमच्या तालुकाध्यक्षांनी ती वाचलेली असेलच असं नाही.

पक्ष विचार बघून निवडू की आमच्या भागातला माणूस बघून?

दोन्ही बघा, पण आधी विचार. माणूस आज इथे आहे, उद्या तो कुठे असेल हे त्यालाही माहीत नसतं, आणि महाराष्ट्रात २०१९ नंतर हे वेगळं सांगायची गरज उरलेली नाही. ज्या पक्षाच्या राज्य पातळीवरच्या भूमिका तुम्हाला घरातल्या जेवणाच्या ताटावर बसून मांडता येतील, तिथे जा. पण ज्या माणसाच्या हाताखाली रोज काम करायचं, तो कसा आहे हेही तपासा. त्याच्या कार्यालयात दोन-तीन संध्याकाळी नुसते जाऊन बसा. पाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला तो बसायला खुर्ची देतो का, फोनवर अधिकाऱ्याशी कसा बोलतो, आपल्याच कार्यकर्त्याचा चारचौघांत पाणउतारा करतो का. एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

पहिल्या बैठकीत काय होतं?

सातची बैठक आठला सुरू होते. पुढच्या दोन रांगांत पदाधिकारी, मागे पोरं, भिंतीला टेकून मोबाइलमध्ये गुंतलेले दोघे-तिघे. सुरुवातीची वीस मिनिटं सत्कारात जातात. शाल, बुके, फोटो. मग "मान्यवरांचं मार्गदर्शन" होतं. कामाचं बोलणं शेवटच्या दहा मिनिटांत उरकतं: रविवारी मोर्चा आहे, गाड्या कोण देणार, प्रत्येक बूथवरून किती माणसं येणार. याच वेळी जागं राहायचं. कामं वाटली जात असतात तेव्हा एक छोटं, मोजता येईल असं काम मागून घ्या. "अमुक यादीभागातल्या नवीन मतदारांचे अर्ज मी बघतो" असं म्हटलं की ते तुमच्या नावावर लागतं. "काहीही काम असेल तर सांगा" असं म्हणणाऱ्याला सतरंज्या उचलायला सांगतात.

सतरंज्या उचलण्यात कमीपणा नाही, सगळ्यांनी उचलल्या आहेत. पण दोन वर्षांनीही तेच काम तुमच्याकडे असेल, तर दोष एकट्या पक्षाचा नाही.

आमच्या गावात ग्रामपंचायत आहे. तिथे पक्ष नसतो ना?

कागदावर नसतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, उमेदवारांना मुक्त चिन्हांतलं एक मिळतं. प्रत्यक्षात पॅनल असतात आणि कुठलं पॅनल कुणाचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. निकालाच्या संध्याकाळी "इतक्या ग्रामपंचायती आमच्या" असे परस्परविरोधी दावे होतात, त्याचं कारण हेच. आकड्याची अधिकृत पडताळणी करायला चिन्हच नसतं. सरपंच सध्या थेट जनतेतून निवडला जातो. ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली.

पक्षाचं चिन्ह दिसतं ते पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. म्हणून गावातल्या कार्यकर्त्याला दोन टोप्या सांभाळाव्या लागतात, पॅनलची आणि पक्षाची. दोन्ही जुळतीलच असं नाही. भावकी, पाण्याचं वाटप, विकास सोसायटीचं राजकारण यांतून एकाच पक्षाचे दोघे समोरासमोर उभे ठाकतात. तालुक्याचे नेते अशा वेळी दोघांनाही आशीर्वाद देऊन मोकळे होतात, कारण जिल्हा परिषदेला दोघांचीही मतं हवी असतात.

गावात नव्या माणसाची खरी शाळा म्हणजे ग्रामसभा. वर्षाला किमान चार व्हाव्या लागतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी आकडा लागतो, आणि तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा, लाभार्थ्यांची यादी सभेत वाचायला सांगा. कुणाशी भांडायची गरज नाही. शांतपणे दोन-तीन सभांत हे केलं की पुढच्या वेळी कागद आधीच तयार ठेवलेले दिसतील. त्यानंतर दोन्ही पॅनलकडून चहाची आमंत्रणंही येतील.

मी नोकरी करतो. चालेल का?

सरकारी असाल तर नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचं सदस्य होता येत नाही, प्रचार करता येत नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे नियम तेच सांगतात. मत देण्याचा हक्क शाबूत आहे, पण ते कुणाला देणार हे जाहीर करायचं नाही. व्हॉट्सॲप स्टेटसही यात धरा. अनुदानित संस्था, महामंडळं, बँका यांत असाल तर आपापले सेवानियम आधी वाचा.

खासगी नोकरीत कायद्याची आडकाठी नाही, मात्र नेमणूकपत्रातल्या अटी बघा. मतदानाच्या आदल्या दिवसाची आणि मतदानाच्या दिवसाची रजा महिनाभर आधीच टाकून ठेवा.

वेळ किती द्यावा लागतो?

निवडणूक नसताना आठवड्याला एक संध्याकाळ आणि रविवारची सकाळ. निवडणूक लागली की याचा हिशेब राहत नाही. घरच्यांना हे आधी सांगा, नंतर नाही.

मतदानाच्या दिवशी बूथवर काम काय असतं?

दोन जागा असतात, आत आणि बाहेर. आत बसतो तो उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी, ज्याला सगळे पोलिंग एजंट म्हणतात. बाहेर, ठरलेल्या अंतरापलीकडे, चिठ्ठ्यांचं टेबल.

आतलं काम कंटाळवाणं आहे आणि अत्यंत महत्त्वाचं. विधानसभा-लोकसभेला मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटं आधी अभिरूप मतदान, म्हणजे मॉक पोल होतो आणि त्यात किमान ५० मतं टाकून मोजून दाखवली जातात. ती मतं पुसून यंत्र शून्यावर आणलं की नाही, हे डोळ्यांनी बघायचं असतं. सातला मतदान असेल तर साडेपाचला केंद्रावर. ज्या पक्षाचा एजंट साडेसातला पोहोचला, त्याने तक्रारीचा नैतिक हक्क तिथेच घालवला. मग दिवसभर नाव पुकारलं जाईल तसं आपल्या यादीवर खूण करत राहायचं. एखादा मतदार तोतया वाटला तर आक्षेप घेता येतो. विधानसभेला त्याची फी अवघी २ रुपये आहे, पण खिशात सुटे नाहीत म्हणून आक्षेप राहून गेल्याचे प्रसंग घडतात. शेवटी केंद्राध्यक्षाकडून नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची प्रत, म्हणजे १७-सी, सही करून घ्यायचीच. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा त्याच कागदाशी ताडून बघतात. स्थानिक निवडणुकीत नमुन्यांचे क्रमांक आणि काही नियम वेगळे असतात, म्हणून पक्षाच्या प्रशिक्षणाला दांडी मारू नका.

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. इतर बहुतेक महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, सहसा चार जागांचे. तिथे एका मतदाराने प्रत्येक जागेसाठी एक अशी चार बटणं दाबायची असतात. ज्येष्ठ मंडळी एक बटण दाबून बाहेर निघतात आणि मागून अधिकारी "आजी, अजून तीन!" म्हणून हाका मारतात. प्रचारात जाहीरनाम्यापेक्षा ही गोष्ट समजावण्यात जास्त वेळ गेला तरी वाईट वाटून घेऊ नका.

बाहेरच्या टेबलाचं गणित वेगळं. यादीवर आधीच तीन खुणा असतात: आपला, त्यांचा, काठावरचा. दुपारी दोनपर्यंत कोण येऊन गेलं त्यावर रेघ मारत जायचं. दोनच्या सुमारास उरलेल्या "आपल्या" नावांची यादी वेगळी काढून ती पोरांच्या हातात द्यायची. वामकुक्षी घेणारे, "संध्याकाळी जाऊ" म्हणणारे, चिठ्ठी हरवलेले. निवडणूक अनेकदा या तीन तासांत फिरते. मात्र मतदारांना ने-आण करायला पक्षाने गाडी लावणं बेकायदा आहे. रिक्षा लावायचा मोह होईल, तिथे सांभाळा.

मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही. उपरणं, टोपी, छातीवरचा बिल्ला सगळं काढून आत जा.

खिशातले पैसे घालावे लागतात का?

पेट्रोल आणि फोन एवढे जातातच. त्यापलीकडे नाही म्हणायला शिका. "वाढदिवसाचा फ्लेक्स तुझ्याकडून" असं कुणी म्हणालं की समजावं, तुमची परीक्षा चालू आहे. एकदा लावला की दरवर्षी लावावा लागतो.

देणगी द्यायची असेल तर चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि पक्षाची पावती घ्या. पक्षाला २,००० रुपयांहून जास्त देणगी रोखीने घेता येत नाही आणि २०,००० च्या वरच्या देणग्यांचा तपशील आयोगाला द्यावा लागतो. रोख दिलेल्या देणगीवर तुम्हाला करसवलतही मिळत नाही. साहेबांच्या हातात ठेवलेली नोट ही पक्षाची देणगी नव्हे, ती साहेबांना दिलेली नोट आहे.

मतदानाच्या आदल्या रात्री "वाटपा"ला चल म्हणतील. लक्ष्मीदर्शन म्हणून त्यावर विनोद होतात, पण लाच देणं आणि घेणं दोन्ही गुन्हे आहेत, आणि पाकिटांची पिशवी ज्याच्या हातात सापडते तो नेहमी सामान्य कार्यकर्ता असतो.

मी बाई आहे. मला खरंच काम करू देतील, की नुसतं हळदीकुंकू?

आधी हळदीकुंकूच देतील. महिला आघाडी वेगळी ठेवायची, कार्यक्रमाला साड्या नेसून पुढे बसवायचं आणि उमेदवारीची बोलणी रात्री अकराला पुरुषांनी करायची, हे जवळपास सगळ्या पक्षांत चालतं. पण तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. घटनेने १९९३ पासून स्थानिक संस्थांत महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. म्हणजे पक्षांना दर निवडणुकीला निम्म्या जागांवर बायका शोधाव्याच लागतात. काम करणारी बाई समोर नसली की नेत्याची बायको, सून, वहिनी उभी राहते आणि मग कारभार "सरपंच पती" बघतात.

म्हणून मुख्य समितीत जागा मागा, आघाडीत अडकून राहू नका. बैठक सातऐवजी दुपारी चारला ठेवा, असं स्पष्ट सांगा. एक बाई म्हणाली तर हसतात, तिघी म्हणाल्या तर वेळ बदलते. बचत गटाचं जाळं हाती असेल तर ते कुणालाही फुकट देऊ नका. पुढाऱ्यांना त्याची किंमत तुमच्यापेक्षा जास्त कळते.

आंदोलनात गुन्हा दाखल झाला तर?

हा प्रश्न तरुणांनी विचारायलाच हवा आणि त्यांना तो विचारू दिला जात नाही. थोडं सविस्तर सांगतो.

आंदोलनाच्या आदल्या दिवशी पोलिसांकडून नोटीस येते. जुने कार्यकर्ते अजून तिला "१४९ ची नोटीस" म्हणतात, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलमावरून. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झाल्यावर ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८ झालं. ती नोटीस म्हणजे अटक नव्हे, प्रतिबंधाची समज आहे. शहरात बऱ्याचदा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचा मनाई आदेश चालूच असतो. तो मोडला की कलम १३५ लागतं. इथपर्यंतचे गुन्हे किरकोळ समजले जातात. संध्याकाळी ठाण्यातून सोडतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो.

गंभीर होतं ते धक्काबुक्की झाली, काच फुटली, अधिकाऱ्याच्या अंगावर कुणी शाई टाकली तर. सरकारी कामात अडथळा आणून लोकसेवकावर बळ वापरल्याचं कलम, पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२, लागलं की खटला वर्षानुवर्षं चालतो. त्या काळात पासपोर्टला अडचण येते, सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा दिसतो, तारखांना हजर राहावं लागतं. राजकीय आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य सरकार अधूनमधून घेतं, पण त्याला अटी असतात, न्यायालयाची परवानगी लागते आणि तुमचं नाव त्या यादीत असेल याची खात्री कुणी देत नाही.

म्हणून स्पर्धा परीक्षेची तयारी चालू असेल तर पहिल्या रांगेत राहू नका. पक्ष वकील देणार का, तारखांना कोण येणार, हे आंदोलनाच्या आधी विचारा. असं विचारणाऱ्याला भित्रा म्हणणारा नेता आपल्या मुलाला त्या मोर्चात आणतो का, एवढं बघा.

निवडणुकाच लांबल्या तर काम करून काय उपयोग?

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झालं. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता, आणि राज्यातल्या अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांची हीच गत झाली. या काळात हौशे-गवशे गळून गेले. नगरसेवक नाही म्हटल्यावर लोकांना गटारासाठी, दाखल्यासाठी कुणाकडे जायचं कळत नव्हतं. प्रभाग कार्यालयात कुठल्या टेबलावर कुठला कागद चालतो हे ज्या कार्यकर्त्याला ठाऊक होतं, त्याच्या दारात रांग लागली. तक्रार अर्जाची पोच घेणं, माहिती अधिकारात अर्ज टाकून ३० दिवस मोजणं, कनिष्ठ अभियंत्याला घेऊन जागेवर जाणं, हे निवडणुकीविना करता येतं.

शहरांसाठी कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, गावातल्या ग्रामसभेसारखी. तुमच्या प्रभागात ती कधी भरली का, हे एकदा लेखी विचारून बघा. उत्तर वाचण्यासारखं असतं.

माझं वय अजून १८ नाही. काम करू का?

प्रचारात लहान मुलांना वापरायला निवडणूक आयोगाची मनाई आहे, तेव्हा पत्रकं वाटणं, घोषणा देणं नको. १७ पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो. तोवर ग्रामसभेत मागे बसून ऐका.

व्हॉट्सॲप ग्रुपवर लढायचं का?

नाही. भागातला पाण्याचा दिवस बदलला, दाखल्यांचं शिबिर आहे, यासाठी ग्रुप वापरा. दुसऱ्या पक्षाच्या शेजाऱ्याशी रात्री बारा वाजता वाद घालून आजवर कुणाचं मत फिरलेलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तर पक्षाचं अक्षरही टाकू नका.

मला तिकीट मिळेल का?

मिळू शकतं, पण ते तुमच्या हातात फार थोडं असतं. आधी आरक्षणाची सोडत निघते. चार वर्षं घाम गाळलेला प्रभाग एका चिठ्ठीने दुसऱ्या प्रवर्गात जातो. मग युती होते आणि जागा मित्रपक्षाला सुटते. मग सर्व्हे, मग "निवडून येण्याची क्षमता", ज्याचा अर्थ बहुतेक वेळा पैसा असतो. शेवटी एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारा पक्षाचा कागद. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी, वेळ संपायला तासभर उरला असताना तो भलत्याच माणसाच्या हातात दिसतो, आणि निष्ठावंतांची बंडखोरी सुरू होते.

तरी तयारी असावी. वय २१ पूर्ण हवं. राखीव जागेला जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि वैधतेला वेळ लागतो, त्यामुळे इच्छा असेल तर आजच अर्ज करा. पालिकेचा कर थकलेला नसावा, पालिकेच्या कंत्राटात तुमचा हितसंबंध नसावा. अपत्यांच्या संख्येची अट तपासा, १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्यामुळे अनेकांची पदं गेली आहेत. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. हरलेले उमेदवार तो विसरतात आणि पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरतात.

पक्ष फुटला तर मी कुठे?

शिवसेना २०२२ मध्ये फुटली, राष्ट्रवादी काँग्रेस २०२३ मध्ये. नाव आणि चिन्ह कुणाचं, याचा निवाडा निवडणूक आयोगाने अनुक्रमे फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. गावोगावच्या कार्यकर्त्यांना मात्र त्याच्या कितीतरी आधी, शाखेच्या दारावरची पाटी कोण उतरवतो या क्षणी, ठरवावं लागलं.

कायद्याच्या बाजूने तुम्ही मोकळे आहात. पक्षांतरबंदी निवडून आलेल्यांना लागू होते. नगरसेवक आणि जिल्हा परिषद, पंचायत समिती सदस्यांसाठी महाराष्ट्राचा १९८६ चा वेगळा कायदा आहे. साध्या कार्यकर्त्याला कुठलंच बंधन नाही. घाईने पाठिंब्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करू नका, एवढंच. फुटीच्या काळात दोन्ही बाजू स्टॅम्प पेपरचे गठ्ठे घेऊन फिरतात, आणि काही महाभाग दोन्हीकडे सही करून ठेवतात.

वरून आलेला आदेश पटला नाही तर?

बैठकीत बोला, बाहेर बोलू नका. पहिल्यांदा ऐकतील. बेकायदा काही सांगितलं, खोटे अर्ज, पैसे वाटप, कुणाला धमकी, तर "मला जमणार नाही" हे एकदाच आणि कारण न देता सांगा. कारण दिलं की त्यावर वाटाघाट सुरू होते.

बाहेर पडायचं असेल तर?

लेखी राजीनामा द्या, तारीख घाला आणि पोच घ्या. नाही तर पुढची तीन वर्षं तुमचं नाव कार्यकारिणीच्या फ्लेक्सवर झळकत राहतं. निवडणूक जाहीर झाल्यानंतर शक्यतो सोडू नका. तुमच्यावर बूथ सोपवलेलं असतं आणि ऐनवेळी दुसरा माणूस मिळत नाही. पक्षाचे कागद, ओळखपत्र, कार्यालयाची किल्ली परत करा. ज्या लोकांची कामं अर्धवट आहेत, त्यांचे अर्ज, पोच आणि अधिकाऱ्यांची नावं एका वहीत लिहून जो पुढे काम बघणार आहे त्याला द्या, तो तुम्हाला आवडत नसला तरी.